प्रो. अमर्त्य सेन यांची दुष्काळमीमांसा

कांहीं ग्रंथांचें दुर्दैव असें कीं, ते वाचले जाण्यापूर्वींच त्यांची कीर्ति घरोघर पोहोंचते, आणि मग ते उघडून पाहण्याची कोणास गरजच भासत नाहीं. प्रो. अमर्त्य सेन यांच्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथाची आपल्याकडे बहुतेक हीच गत झाली आहे. १९८१ सालीं ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसनें तो प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राचे अभ्यासक तो वाचीत होते, त्यावर वाद घालीत होते. परंतु आमच्यासारख्या सामान्य वाचकाच्या कानावर त्याचें नांव आलें तें १९९८ च्या ऑक्टोबरांत, स्टॉकहोमहून पारितोषिकाची बातमी आली तेव्हां. त्या दिवसापासून सेन हे ‘दुष्काळाचे अर्थशास्त्रज्ञ’ ठरले, आणि कोणत्याही दिवाणखान्यांत त्यांचें नांव निघालें कीं, दुष्काळ अन्नाच्या तुटवड्यानें पडत नसतो असें सेन यांनीं सिद्ध केलें आहे, हें कोणी तरी ऐकवितोच. आम्हीं हा ग्रंथ नुकताच पुन्हां सावकाश वाचून काढला. असें सरसकट विधान त्यांत नाहीं. इतकेंच नव्हे, तर असें विधान मनांत धरून जो ग्रंथ वाचावयास बसेल, त्याची पहिल्या पन्नास पानांतच निराशा व्हावी अशी त्याची रचना आहे. म्हणून पारितोषिकाचा झगमगाट क्षणभर बाजूस सारून, या ग्रंथांत प्रत्यक्ष काय म्हटलें आहे, त्यांतलें नवें किती, आणि त्यावर घेतलेल्या आक्षेपांपुढें तें कितपत टिकतें, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तरी पण झगमगाटाविषयीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे; कारण त्यानेंच हा घोटाळा करून ठेविला. ज्यास आपण अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक म्हणतों, तें आल्फ्रेड नोबेल यांच्या १८९५ सालच्या मृत्युपत्रांत नाहीं. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, वाङ्मय आणि शांतता एवढ्या पांचांचीच सोय त्या गृहस्थानें करून ठेविली होती. १९६८ सालीं स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेस तीनशें वर्षें पुरीं झालीं, त्या उत्सवाप्रीत्यर्थ बँकेनें नोबेल यांच्या स्मरणार्थ हें सहावें पारितोषिक निर्माण केलें, आणि १९६९ मध्यें तें प्रथम दिलें गेलें. १९७४ सालचे मानकरी फ्रीड्रिख हायेक यांनीं तर मेजवानीच्या भाषणांतच सांगून टाकलें कीं, आपला सल्ला कोणी विचारला असता तर हें पारितोषिक काढूं नका असेंच आपण सांगितलें असतें. कारण अर्थशास्त्रांत कोणाही एका माणसास नसावा इतका अधिकार यामुळें त्याच्या शब्दास येतो. हायेक यांचीं बरींचशीं मतें आम्हांस पटत नाहींत. हें मात्र पटतें. त्यांच्या जोडीनें त्याच वर्षीं तें गुन्नार मिर्दाल यांना मिळालें, आणि हे दोघे विद्वान एकमेकांचें जवळजवळ कांहींच मान्य करीत नसत, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. (२०१९ सालीं अभिजित विनायक बॅनर्जी यांचें नांव जाहीर झालें, तेव्हां त्यांच्या मातुश्री माहेरच्या पाटणकर, एवढ्यावरून महाराष्ट्रानेंही त्या सन्मानांत आपला वांटा काढून घेतला. बक्षिसाची मोहिनी ही अशी असते.)

सेन यांच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९९७ सालीं, हा मान रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांस मिळाला होता. हे दोघे ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ नांवाच्या अमेरिकन पेढींत भागीदार होते. १९९८ च्या सप्टेंबरांत ती पेढी बुडावयास आली आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांस साडेतीन अब्जांहून अधिक डॉलर ओतून ती सांवरून धरावी लागली. पुढच्याच महिन्यांत सेन यांचें नांव जाहीर झालें, तेव्हां पुष्कळांनीं त्याचा अर्थ प्रायश्चित्त असा लावला: श्रीमंतांच्या हिशेबनिसांना मान देऊन तोंड पोळलें, म्हणून आतां गरिबांच्या कैवाऱ्यास बोलावलें! गोष्ट सांगावयास छान आहे. पण ती खरी मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. पारितोषिकाच्या मानपत्रांत दुष्काळाचा शब्द नाहीं. कल्याणविषयक अर्थशास्त्रांतील कामगिरीबद्दल हा मान आहे, असें तेथें म्हटलें आहे. ही कामगिरी बव्हंशीं तर्कशास्त्राच्या प्रांतांतली आहे. अनेक माणसांच्या निरनिराळ्या आवडींतून समाजाची म्हणून एक सुसंगत निवड निघूं शकते काय, हा तो प्रश्न. अमेरिकन पंडित केनेथ ॲरो यांनीं १९५१ सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, अगदीं साध्या व वाजवी अटी घातल्या तरी अशी निवड निघण्याची खात्री देतां येत नाहीं. सेन यांनीं १९७० च्या आपल्या ग्रंथांत त्या कोंडींतून वाट काढण्याचा यत्न केला. माणसामाणसांच्या सुखदुःखाची तुलनाच करावयाची नाहीं, असा जो कडक नेम अर्थशास्त्रज्ञांनीं स्वतःवर घालून घेतला होता, तो सैल केल्यावर कोंडी फुटते, हें त्यांनीं दाखविलें. दुष्काळावरील काम या मोठ्या इमारतीची एक खोली आहे. समितीनें तिचाही उल्लेख केला. परंतु वर्तमानपत्रांना तीच तेवढी वर्णन करतां आली, आणि मग लोकांच्या दृष्टीनें तीच सगळी इमारत झाली.

आतां ग्रंथाकडे वळूं. तो सुमारें अडीचशें पानांचा असून आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या एका कार्यक्रमासाठीं तयार झाला आहे. त्याचा मूळ विचार एका प्रश्नांत सांगतां येतो. गांवांत धान्य किती आहे, हें विचारण्याऐवजीं सेन विचारतात कीं, अमुक माणसाच्या हातीं धान्य कोणत्या मार्गानें येतें? शेतकऱ्याच्या हातीं तें पिकवून येतें. मजुराच्या हातीं मजुरी विकून, मग त्या पैशानें बाजारांत विकत घेऊन. धनगराच्या हातीं जनावर विकून. न्हाव्याच्या हातीं हजामत करून. पेन्शनरास सरकार देतें. समाजाचे जे कायदे व व्यवहार रूढ असतील, त्यांच्या मर्यादेंत राहून माणसास जें जें मिळवितां येणें शक्य आहे, त्या सर्वांस ते ‘एन्टायटलमेंट’ म्हणतात. मराठींत यास नेमका शब्द नाहीं. ‘हक्क’ म्हटलें कीं मिळालेंच पाहिजे अशी नीतीची मागणी त्यांत डोकावते, आणि सेन यांच्या शब्दांत ती मुळींच नाहीं. भुकेल्यास अन्न मिळावें कीं न मिळावें हें तो शब्द सांगत नाहीं. चालू कायद्यानें तें त्याचें आहे कीं नाहीं, एवढेंच सांगतो. आम्ही येथें ‘प्राप्त्यधिकार’ हा शब्द योजतों. तो बोजड आहे, पण फसवा तरी नाहीं. हा प्राप्त्यधिकार जेथें तुटतो तेथें माणूस उपाशी राहतो, मग शेजारच्या कोठारांत धान्य असो वा नसो. धान्याचा एकूण सांठा घटला तर कित्येकांचे अधिकार तुटतील, हें उघड आहे. परंतु सांठा न घटतांही ते तुटूं शकतात. सेन यांचें म्हणणें इतकेंच आहे. तुटवड्यानें दुष्काळ पडत नाहीं असें ते म्हणत नाहींत. तुटवडा हें दुष्काळाचें एक कारण असूं शकेल, पण तुटवड्याची आंकडेवारी पाहून दुष्काळ कळत नाहीं, असें ते म्हणतात. या दोहोंतलें अंतर जो ओळखणार नाहीं, त्यानें या ग्रंथावर न बोललेलें बरें.

ग्रंथाचें हृदय म्हणजे १९४३ च्या बंगालवरील प्रकरण होय. सेन तेव्हां दहा वर्षांचे होत आले होते आणि शांतिनिकेतनांत आजोबा क्षितिमोहन सेन यांच्या घरीं राहत होते. दारीं येणाऱ्या भुकेल्यांस सिगारेटच्या डब्यांतून तांदूळ घालण्याची परवानगी त्या मुलास मिळाली होती, असें त्यांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे. ग्रंथांत यांतलें एक अक्षर नाहीं. तेथें आहेत तीं कोष्टकें. सरकारी चौकशी-समितीनें धान्याच्या तुटवड्यास मुख्य कारण मानलें होतें. सेन यांनीं तेच पिकांचे व आयातीचे आंकडे घेऊन बेरीज केली, तेव्हां असें निघालें कीं, १९४३ सालीं बंगालांत उपलब्ध असलेलें धान्य मागील पांच वर्षांच्या सरासरीहून शेंकडा पांचच कमी होतें. आणि १९४१ सालाहून तर तें शेंकडा तेरा अधिक होतें. १९४१ सालीं दुष्काळ नव्हता! मग झालें काय? १९४२ च्या मार्चमध्यें रंगून पडलें, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हातीं लागूं नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनें काढून घेतल्या. ऑक्टोबरांत मेदिनीपुराकडे भयंकर चक्रीवादळ झालें. आणि या सर्वांवर युद्धाचा पैसा कलकत्त्यांत पाण्यासारखा वाहूं लागला. डिसेंबर १९४२ मध्यें मणास तेराचौदा रुपये असलेला तांदूळ मार्चमध्यें एकवीसवर गेला, मेअखेर तिसांच्या पुढें, आणि ऑगस्टांत सदतीसवर. म्हणजे आठ महिन्यांत भाव पावणेतीन पट झाला. कलकत्त्यांतील कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या नोकरांस सरकार आणि मालक स्वस्त धान्य पुरवीत होते. खेड्यांतल्या मजुराची मजुरी मात्र त्या मानानें फारच थोडी वाढली.

मग कोण मेले, या प्रश्नास सेन हात घालतात, आणि आमच्या मतें ग्रंथांतलीं सर्वांत मोलाचीं पानें हीं आहेत. महालनोबीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुष्काळानंतर केलेल्या पाहणीचा त्यांनीं येथें उपयोग केला आहे. सर्वांत अधिक नाश झाला तो शेतमजूर, मच्छीमार, भात कांडणाऱ्या बाया, गाडीवान, खेड्यांतले कारागीर यांचा. ज्याच्याजवळ थोडीशी का होईना जमीन होती तो पुष्कळसा वांचला. बर्गादार, म्हणजे अर्धेलीनें शेत करणारा, हा कांहीं मजुराहून फार सुखी प्राणी नव्हे; पण त्यास मोबदला भाताच्या रूपानें मिळे, आणि तेवढ्या एका गोष्टीनें त्याचा जीव राहिला. मजुराचे हातपाय पूर्वीइतकेच काम करण्यास समर्थ होते, पण त्यांच्या मोलानें आतां भात येत नव्हता. न्हाव्याची गोष्ट तर आणखीच विलक्षण. ज्या गिऱ्हाइकाच्या घरीं खाण्याचे हाल, तो हजामत पुढें ढकलतो. म्हणजे न्हाव्याच्या कामाचें मोल धान्याच्या मानानें तर उतरलेंच, शिवाय कामही मिळेनासें झालें. पिकाच्या कोणत्याही आंकड्यांत हा न्हावी दिसत नाहीं. तो दिसावा म्हणून सेन वीरभूम जिल्ह्यांत जुनीं मजुरीचीं बाडें शोधीत सायकलीवरून हिंडले. ती सायकल त्यांनीं पुढें स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयास दिली. त्या संग्रहालयांतील पुष्कळ चिजा आम्हांस ठाऊक नाहींत. पण ही सायकल तेथें योग्य आहे.

इथिओपिया, साहेल आणि बांगलादेश यांवरील प्रकरणें तुलनेनें लहान आहेत, व तीं बंगालच्या प्रकरणाइतकीं पक्कीं नाहींत. इथिओपियाच्या वोलो प्रांतांत १९७३ सालीं लोक मरत असतां देस्से येथील बाजारांत धान्याचे भाव फारसे चढले नव्हते, उलट तेथून धान्य बाहेर जात होतें. कारण प्रांताच्या खिशांत पैसाच नव्हता! बंगालचा दुष्काळ तेजीचा, तर हा मंदीचा, असा भेद सेन करतात, आणि तो फार मार्मिक आहे. भटक्या पशुपालांविषयीं त्यांनीं लिहिलें आहे तें महाराष्ट्रांतील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं. चारा संपला कीं आठवड्याच्या बाजारांत बैलाचें काय मोल होतें, हें आपल्याकडे पुष्कळांनीं पाहिलें आहे. जनावर मरतें तें निराळें, पण जें जगतें त्याच्याही मोबदल्यांत धान्य येत नाहीं. बांगलादेशांत १९७४ सालीं दरडोई धान्य आजूबाजूच्या वर्षांपेक्षां अधिक होतें, तरी पुरानें शेतांतलें काम गेल्यामुळें मजूर मेले. त्याच वर्षीं त्या देशानें क्यूबास तागाच्या गोणी विकल्या म्हणून अमेरिकेनें धान्याची मदत अडवून धरिली होती. राजकारणाचा हा भाग सेन यांनीं फार हलक्या हातानें लिहिला आहे. आम्हांस येथें त्यांचा संयम अस्थानीं वाटला.

आतां नवेपणाचा विचार. पारितोषिकानंतर असा समज पसरला आहे कीं, सेन यांच्या पूर्वीं दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव असेंच सारें जग समजत होतें. हा समज खरा नाहीं, आणि निदान पुण्यामुंबईच्या लोकांनीं तरी तो बाळगूं नये. १८७६-७७ च्या दख्खनच्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील मजुराचा रोज एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणला, तेव्हां दुष्काळी कामांवरील हजारों माणसें कामें सोडून निघून गेलीं. आणि पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेऊन सरकाराकडे अर्जावर अर्ज केले. त्या वादाचें मूळ काय होतें? धान्य आहे कीं नाहीं हें नव्हे. मजुरीनें किती धान्य येतें हें होतें. पुढें १८८० च्या दुष्काळ-कमिशनानेंही आपल्या अहवालांत हेंच मान्य केलें कीं, दुष्काळांत मजूरवर्ग मरतो तो मुख्यतः काम आणि मजुरी बुडाल्यामुळें. आणि त्या धोरणावरच ‘फॅमिन कोड’ रचले गेले. धान्य वाटण्याऐवजीं काम काढून मजुरी देणें हा त्या कोडांचा पाया होता. बंगालांत १९४३ सालीं हें कोड कपाटांत होतें. परंतु त्याप्रमाणें दुष्काळ जाहीरच करण्यांत आला नाहीं! तेव्हां जुन्या कलेक्टरांस व सभेच्या चिटणिसांस जें व्यवहारानें ठाऊक होतें, तेंच सेन यांनीं शास्त्राच्या भाषेंत बसविलें, असें कोणी म्हटल्यास तें अगदींच चूक होणार नाहीं. परंतु शास्त्राच्या भाषेंत बसविणें ही गोष्ट आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. व्यवहारानें ठाऊक असलेली गोष्ट दरबारीं विसरली जाते. १९४३ सालीं ती विसरली गेलीच. ज्ञानास कोष्टक आणि नांव मिळालें म्हणजे तें विसरणें जरा अवघड होतें.

आक्षेपकांत पीटर बोब्रिक हे प्रमुख. १९८६ सालीं त्यांनीं सेन यांच्या उपपत्तीचें खंडन म्हणून एक कडक निबंध लिहिला. आक्षेप मुख्यतः आंकड्यांवर आहे. बंगालच्या पिकांचे सरकारी अंदाज हे अंदाजच होते. गांवपातळीवर नजरेनें केलेले, सवयीनें लिहिलेले. शिवाय १९४२ च्या मुख्य भातपिकावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोग पसरला होता व त्यानें मोठें नुकसान केलें, असें वनस्पतिरोगशास्त्रज्ञ पद्मनाभन् यांनीं १९७३ सालीं लिहिलें होतें. हें खरें असेल तर शेंकडा पांचची तूट ही फारच मोठी असूं शकेल, आणि १९४१ शीं केलेल्या तुलनेचा डौल राहणार नाहीं. आम्हांस हा आक्षेप वजनदार वाटतो. ज्या आंकड्यांवर चौकशी-समितीनें भरंवसा ठेवला म्हणून सेन तिला हंसतात, त्याच आंकड्यांवर त्यांनाही उभें राहावें लागलें आहे. मात्र आक्षेपाची पोंच कोठवर, हेंही पाहिलें पाहिजे. समजा, तूट पांचाऐवजीं शेंकडा वीस होती. तरी मजूर मेला आणि बर्गादार वांचला तो कां, कलकत्त्याचा कारकून जगला व त्याच शहराच्या फुटपाथवर चोवीस परगण्यांतून आलेला शेतमजूर मेला तो कां, याचें उत्तर बुरशी देऊं शकत नाहीं. तूट किती, या वादांत सेन हरले तरी कोण मेला या वादांत ते हरत नाहींत. त्यांच्या चाहत्यांनीं मात्र पहिल्या वादालाच सगळी प्रतिष्ठा लावली, आणि त्यामुळें विनाकारण नाक कापून घेण्याची वेळ त्यांजवर येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ॲलेक्स द वाल यांनीं सुदानच्या दार्फुर प्रांतांतील १९८४-८५ चा दुष्काळ पाहून लिहिलें कीं, तेथील लोक घरांत विकावयास जनावर असूनही उपाशी राहत. कारण आज जनावर खाल्लें तर पावसानंतर जगावयाचें कशावर? म्हणजे भूक ही केवळ अधिकार तुटल्याची खूण नव्हे, तर पुष्कळदां ती माणसानें विचारपूर्वक पत्करलेली असते. बियाण्याचें पोतें उशाशीं ठेवून उपाशी निजणारा शेतकरी आपल्याकडेही परका नाहीं. सेन यांनीं आपल्या पद्धतीच्या मर्यादा सांगतांना ही शक्यता स्वतःच नोंदविली आहे. लूटमारीचीही नोंदविली आहे. परंतु नोंद करून ते पुढें निघून जातात. युद्धांत, वेढ्यांत, जेथें धान्य बंदुकीच्या जोरावर हिरावलें जातें तेथें, ‘चालू कायद्याच्या मर्यादेंत’ या शब्दांना अर्थ उरत नाहीं, आणि विसाव्या शतकांतील कित्येक भयंकर दुष्काळ याच जातीचे आहेत. येथें ग्रंथ अपुरा आहे, असें आम्हांस स्पष्ट म्हणावें लागतें.

महाराष्ट्राचा दाखला ग्रंथांत नाहीं, हें आम्हांस विशेष खटकलें. कारण सेन यांच्या मताची सर्वांत चांगली साक्ष येथेंच होती. ती त्यांनीं १९८९ सालीं ज्याँ द्रेझ यांच्यासह लिहिलेल्या ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ या ग्रंथांत घेतली. १९७० ते १९७३ या वर्षांत साहेलमध्यें दुष्काळ होता आणि महाराष्ट्रांतही होता. दरडोई धान्य पाहिलें तर महाराष्ट्रांत तें साहेलच्या बहुतेक देशांहून कमीच होतें. तरी साहेलमध्यें झाला तसा मनुष्यसंहार येथें झाला नाहीं. याचें कारण त्या दोघां लेखकांनीं सरळ सांगितलें आहे: खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं, नाला-बांधाचीं, पाझर-तलावांचीं कामें. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें या कामांवर होतीं. त्यांच्या हातीं मजुरी आली, तिच्या ओढीनें परप्रांतांतलें धान्य इकडे आलें, कांहीं तर सरकारी बंदी मोडून चोरट्या वाटेनें आलें. हें सुखाचें चित्र नव्हे. ज्यांनीं शाळेंत सुकडी खाल्ली आणि घरीं अमेरिकेच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्यांना तें कोणी सांगावयास नको. जनावरें गेलीं, दागिने गेले, कित्येक घरें मुंबईच्या झोपड्यांत येऊन पडलीं. पण माणसें वांचलीं. वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांत आरंभिलेल्या रोजगार-हमीच्या कल्पनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें, तें याच अनुभवांतून. पुढें २००५ सालीं केंद्र सरकारनें रोजगार-हमीचा कायदा केला, त्याचाही हा पूर्वज. पारितोषिकाच्या समारंभांत पागे यांचें नांव निघण्याचें कारण नव्हतें. पण मराठी लेखक सेन यांजवर लिहितांना तें विसरतात, याचें आम्हांस नवल वाटतें.

सेन यांनीं पुढें मांडलेल्या एका सिद्धांताचा येथें उल्लेख केला पाहिजे, कारण तोही आतां म्हणीसारखा झाला आहे. जेथें लोकशाही चालू आहे आणि वर्तमानपत्रें मोकळीं आहेत तेथें मोठा दुष्काळ पडत नाहीं, असें ते म्हणतात. चीनमध्यें १९५८ ते १९६१ या काळांत कोट्यवधि माणसें मेलीं आणि त्याची बातमी छापावयास कोणी नव्हतें. ही तुलना खरोखरच अंगावर कांटा आणणारी आहे. परंतु बंगालांत १९४३ सालीं निवडून आलेल्या सभासदांचें मंत्रिमंडळ होतें, आणि वर्तमानपत्रेंही होतीं. मतदार थोडे, वरचा अधिकार परक्यांचा, आणि पत्रांवर युद्धकाळाचें दडपण, हें सर्व खरें. तरी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे इंग्रज संपादक इयन स्टीफन्स यांनीं त्या ऑगस्टांत रस्त्यांवरील मृतांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां विलायतेस जाग आली. एवढें करावयास एका संपादकाचें धैर्य लागलें. व्यवस्था आपोआप हालली नाहीं. सेन यांना हें अर्थातच ठाऊक आहे. त्यांचें नांव घेऊन आमच्याकडे लोकशाही आहे म्हणून भूक नाहीं असें जे म्हणतात, त्यांना मात्र ठाऊक नसावें. मेळघाटच्या मुलांस लोकशाहीनें दुष्काळापासून वांचविलें असेल. अर्धपोटीं राहण्यापासून वांचविलें नाहीं. सेन यांनीं स्वतः या रोजच्या, बातमी न होणाऱ्या भुकेविषयीं पुष्कळ लिहिलें आहे. तें वाक्य कोणी दिवाणखान्यांत ऐकवीत नाहीं.

ग्रंथाच्या भाषेविषयीं सांगावयाचें तर ती कोरडी आहे, आणि तें बरें आहे. दारिद्र्याची व्याख्या व मोजमाप यांवरील आरंभींचीं प्रकरणें दुष्काळाच्या प्रकरणांशीं नीट जुळत नाहींत. तीं स्वतंत्र निबंध म्हणून शोभलीं असतीं. आमच्या दांडेकर-रथांनीं १९७१ सालीं पुण्याहून हाच विषय जितक्या थेट भाषेंत मांडला, तितकी थेट भाषा येथें नाहीं. बीजगणित परिशिष्टांत टाकलें आहे, ही सामान्य वाचकावर मोठीच कृपा. परंतु परिशिष्ट म्हणून ‘ड’ कोणी गाळूं नये. त्यांत बंगालच्या मृत्युसंख्येचा हिशेब आहे. चौकशी-समितीनें पंधरा लक्ष म्हटलें होतें. सेन यांचा आंकडा तीस लक्षांच्या घरांत जातो. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, या मृत्यूंपैकीं निम्म्याहून पुष्कळच अधिक १९४३ साल उलटल्यावर झाले आहेत. त्या डिसेंबरांत उत्तम पीक आलें, भाव उतरले, सरकारनें दुष्काळ संपला असें मानलें. आणि त्यानंतर हिंवताप, देवी, महामारी यांनीं खंगलेल्या माणसांना पुढें कित्येक वर्षें नेलें. तुटवड्याच्या कोणत्याही हिशेबांत त्या वर्षांत तुटवडा नव्हता.